भिंतीचं विरजण

“काल संध्याकाळी काका धड खोकलेसुद्धा नाही. दोनदा फक्त. मी मोजलं न.”

“अवो आई, तुमी कायले मोजता?”

“कायले म्हणजे? डब्याची पाळी कोणाची होती काल? आपलीच न? एवढा झणझणीत वांग्याचा रस्सा करून पाठवला, म्हटलं जरा ठसका लागन. त हे मस्त जेवले, ढेकर देल्ली अन् पडून राह्यले. आपल्या मेहनतीचं काही चीजच नाही बाप्पा.”

वेणू निखाडे शिडीवर उभी होती. बोरकुट्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी तिच्या डाव्या खांद्यापासून हातभर लांब, पण आतल्या सासूसुनांना ती दिसत नव्हती. भिंत पुसणारी बाई बघता बघता भिंतीचाच भाग होऊन जाते. तिनं स्पंज बादलीत बुडवता बुडवता हात थांबवला.

“मले त वाटते, कोणीतरी त्याईले चोरून औषध देऊन राह्यलं,” सासूबाईंचा आवाज खाली आला. “खोलीत अडुळशाचा वास येते.”

वेणूचे कान तापले. अडुळसा तिनंच नेऊन दिला होता, रविवारी. काका एकेक वाक्य तीन तुकड्यांत बोलत होते आणि ते तिला ऐकवेना. त्यात लपवण्यासारखं काय होतं? तरी जिना चढताना बाटली पदराखाली गेली होती खरी, आणि ती का गेली याची चौकशी तिनं स्वतःकडे केली नव्हती.

चंद्रपूरच्या आसपासचा कोळसा उपसायचं थांबलं त्याला आता वीसेक वर्षं झाली होती. कोळसा गेला, राख राहिली. राखेचे डोंगर आपापल्या जागी बसून होते आणि मार्च लागला की वाऱ्याबरोबर घराघरांत पाहुणे येत होते. भाकरीच्या पिठात राख, पोरांच्या वह्यांवर राख, थुंकीत राख. डॉक्टरांनी औषधं दिली, लोकांनी तोंडाला फडकी बांधली. शेवटी कोणाच्या तरी डोक्यात आलं की माणसाला औषध देण्यापेक्षा घरालाच फुप्फुस द्यावं. त्यातून निर्मळ वसाहत उभी राहिली. नऊ इमारती, एकसारख्या.

प्रत्येक इमारतीच्या मधोमध चौक. तीन बाजूंना बिऱ्हाडं, आणि चौथ्या बाजूला चार मजल्यांएवढी उंच भिंत, एकही खिडकी नसलेली. भिंत सच्छिद्र मातीच्या विटांची, आणि विटांवर चार बोटं जाडीचा गिलावा, जिवंत. म्हणजे त्यात असंख्य सूक्ष्म जीव वस्तीला, काही जीवाणू, काही बुरशीच्या तंतूंसारखे, सगळे प्रयोगशाळेत घडवलेले. सरकारी कागदात त्याला जैवगिलावा म्हणत. छपरावर काळ्या पत्र्याचं धुराडं होतं. ते उन्हानं तापलं की हवा वर चढे, आणि तिच्या जागी बाहेरची हवा भिंतीच्या पोटातून गाळून चौकात ओढली जाई. तिथून घराघरांत, घरांतून पुन्हा चौकात. अख्खी इमारत दिवसभर एक मोठा, सावकाश श्वास घेत-सोडत बसलेली असायची. भिंतीतले जीव राखेचे कण खात, धुराचे विषारी वायू खात, आणि एकाच्या खोकल्यातून दुसऱ्याच्या नाकात जाणारे रोगजंतूही खात. पहिल्या दोन वर्षांतच वेणूच्या सात नंबर इमारतीतल्या पोरांची शाळा बुडायची थांबली. क्षयाचा एक रुग्ण होता, त्याच्यापासून घरात कोणालाही लागण झाली नाही. तो बरा झाला आणि त्यानं पेढे वाटले.

वेणूची सानूही तेव्हाचीच. सानू म्हणजे तिची नात. इथं राहायला आले तेव्हा दीड वर्षाची होती आणि रात्र रात्र बसून श्वास ओढायची, बरगड्या आत जायच्या, ओठ निळे पडायचे. आता सात वर्षांची झाली होती. तिचा दम्याचा पंप टेबलाच्या खणात मागे कुठंतरी पडला होता, मुदत संपून तीन वर्षं झालेला. वेणू तो फेकत नव्हती. कधीमधी खण उघडून बघायची आणि पुन्हा लावायची.

तर अशा भिंतीची वेणू ही ‘भिंतवाली’ होती. शिकलेली सातवी. पण भिंतीचं म्हणाल तर ती तिला तळहातानं कळायची. सकाळी पाणी शिंपडायचं, तांदळाच्या पेजेत गूळ कालवून ती फवारायची, पांढरे क्षार चढले की पुसायचे. काम करणारी भिंत हाताला किंचित कोमट लागते, आणि तिला ताकाच्या मडक्यासारखा वास येतो. झोपलेली भिंत थंड.

शिडीवरच्या त्या सकाळी वेणूनं चारही मजल्यांवर हात फिरवून पाहिला. तिसरा गार होता, चौथा गार होता, दुसरा जेमतेम. कोमट होती ती फक्त पहिल्या मजल्याच्या पायथ्याची, देवाजी उराडेकाकांच्या खुर्चीमागची दोन हातांची जागा.

काकांची खुर्ची ही सात नंबरची रीत होती. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात काका भिंतीला पाठ लावून चौकातल्या वेताच्या खुर्चीत बसायचे. याला ‘बैठक’ म्हणत. बैठकीला कोणी चहा आणायचं, कोणी पेपर वाचून दाखवायचं, कोणी पायाला तेल लावून द्यायचं. दोन्ही वेळचा डबा चाळीस बिऱ्हाडांतून पाळीपाळीनं. नवं बाळ घरी आलं की आधी काकांच्या मांडीवर. लग्न असलं की पहिला अहेर काकांना. दुसऱ्या इमारतीतले लोक म्हणायचे, पोटच्या पोरांनी केलं नसतं एवढं करता तुम्ही. आणि सात नंबरवाले हात जोडून म्हणायचे, छे हो, आमचंच भाग्य.

काका खाणीतले. उघड्या खाणीत सुरुंग उडवण्याआधी जी शिट्टी वाजते, ती वाजवणारा माणूस. तीस वर्षं वाजवली, अर्ध्या कोसावर ऐकू जायची. आता चहा फुंकतानाही त्यांना मध्ये थांबावं लागायचं. वय अडुसष्ट. बायको गेलेली, मूलबाळ नाही. फुप्फुसात अर्धी खाण.

आणि वेणूच्या घरात, दाराच्या खुंटीला, त्या दिवशी डब्याची निळी पिशवी लटकत होती. मंगळवार. वेणूची पाळी.

पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात पत्र होतं.

ते तीन आठवड्यांपूर्वी आलं होतं, नागपूरच्या फुप्फुस-उपचार केंद्रातून, काकांच्या नावानं. काका मोबाइल वापरत नसल्यामुळे त्यांचा सगळा पत्रव्यवहार इमारतीच्या संस्थेच्या पत्त्यावर यायचा, म्हणून ते सचिव पिंपळकर सरांनी उघडलं. फुप्फुसाचं आतलं अस्तर नव्यानं उगवून देण्याचा उपचार गेल्या काही वर्षांत निघाला होता. दहापैकी आठ जण त्यातून पूर्ण बरे होत. पाच वर्षांपूर्वी नोंदवलेला काकांचा नंबर लागला होता. गुरुवारी सकाळी दहाला हजर व्हायचं, न आल्यास नाव यादीच्या शेवटी जाईल. यादी चार वर्षांची. आणि काकांकडे किती वेळ आहे हे गावातल्या डॉक्टरांनी मागच्याच पावसाळ्यात सांगितलेलं होतं. फार तर दीड वर्ष.

सरांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, आणि ज्यांची त्या दिवशी पाळी होती त्या मत्तेबाईंना दिलं. “डबा द्यायला जाताच आहात तर तुम्हीच सांगा जरा, निवांतपणे.” मत्तेबाईंनी ते पिशवीच्या कप्प्यात सरकवलं. तिथं डबा द्यायला गेल्या, तर काका नेमके झोपेत होते. म्हणे. दुसऱ्या दिवशी पिशवी वासेकरांकडे गेली, पत्रासकट. वासेकरांकडे पाहुणे होते. मग रामटेक्यांकडे गेली. रामटेक्यांच्या सुनेनं पत्र मुद्दाम कप्प्यातून अर्धं बाहेर काढून ठेवलं, की काकांना आपोआप दिसेल. पिशवी परत आली, पत्र आतच. असं करत करत ते वीस घरं फिरलं होतं. त्याला हळद लागली होती, एका कोपऱ्याला तेल पाझरलं होतं. कोणी फाडलं नव्हतं. लोक वाईट नव्हते. प्रत्येकाला मनापासून वाटत होतं की उद्याचं घर सांगेल.

वेणूनं पत्र कप्प्यातून काढलं, पोळपाटावर ठेवलं, आणि पातोड्यांसाठी बेसन कालवायला घेतलं.

दुपारी डॉ. मृणाल धोटे आली. वसाहतीच्या नऊही भिंती तपासायचं काम तिचं. चाळिशीच्या अलीकडची, खांद्याला जड पेटी, डोळ्यांखाली काळं. पेटीतून काढलेलं बशीएवढं यंत्र भिंतीवर चिकटवत ती चारही मजले फिरली. खाली आली आणि चौकातल्या ओट्यावर टेकली.

“भिंत छान ठेवलीय तुम्ही, वेणूताई. पण थकलीय.”

“भिंत का मी?”

“दोघी.” डॉक्टरीणबाई हसली. हसण्यातही दम नव्हता. “शंभरातले अठ्ठावीसच जीव काम करतायत. गेल्या खेपेला एकतीस होते. आणि अठ्ठावीसमधले चोवीस या खुर्चीमागचे.”

“लोक म्हणतात काका खोकत नाहीत म्हणून. मी...” वेणू अडखळली. “मी अडुळसा देल्ला त्याईले.”

“अडुळशाचा काही संबंध नाही. खोकल्याचाही नाही. खोकला म्हणजे नुसता आवाज.” मृणालनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला. “दही कसं लावता तुम्ही?”

“म्हणजे? विरजण घालून.”

“बरोबर. तुम्ही लोक काकांना विरजण म्हणता, हे मला माहितेय. तोंडावर नाही म्हणत, पण म्हणता. ते तसं अर्धंच खरं आहे. भिंतीतल्या जीवाणूंना राख पचवायला जी पाचकद्रव्यं लागतात, ती बनवायची म्हणजे त्यांना कष्ट पडतात. रात्रंदिवस कष्ट करायला लावले तर ते मरतात. म्हणून बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. सुजलेल्या, दुखऱ्या फुप्फुसातून जो श्वास येतो ना, त्यात काही द्रव्यं असतात, वायूच्या रूपात, अगदी नावापुरती. निरोगी माणसाच्या श्वासात ती नसतात. आमच्यात त्यांना ‘हाक’ म्हणतात. हाक ऐकली की जीवाणू कामाला लागतात. नाही ऐकली की स्वस्थ पडतात. घरात आजार जास्त तर भिंत जास्त राबणार, आजार कमी तर कमी. ऐकायला किती छान आहे बघा.”

“छानच आहे की.”

“हो. बनवणाऱ्यांना बक्षिसं मिळाली. फक्त एक गोष्ट कोणी धरली नव्हती. लोक बरे होतील ही.”

 चौकात वरच्या कोणाच्या तरी रेडिओवर बातम्या चालू होत्या.

“पहिल्यांदा चाळीस घरं खोकत होती,” मृणाल म्हणाली. “भिंतीला चाळीस घरांची हाक ऐकू येत होती. मग एकेक जण बरा होत गेला. हाका कमी झाल्या. जीवाणूंची पिढी वीस-पंचवीस मिनिटांची असते, वेणूताई. सहा वर्षांत त्यांच्या किती पिढ्या झाल्या हिशेब करा. न लागणारं सामान ते टाकून देतात. आता या भिंतीला एकच हाक ओळखता येते, काकांची. ती बंद झाली तर सव्वा महिन्यात भिंत राख खायचं विसरेल. झोपणार नाही, विसरेल. मग तुमच्या सानूनं रात्रभर हाक मारली तरी तिला ती कळायची नाही.”

सानूचं नाव तिनं सहज घेतलं होतं. पण वेणूला खणातला पंप आठवला.

“दुसरं कोणी आणून बसवलं तर? आजारी?”

“तीन नंबरनं बसवलं होतं. ऐकलं असेल तुम्ही.”

ऐकलं होतं, वाचलंही होतं. तिथली शेवटची हाक बंद झाल्यावर तीन नंबरच्या फाटकावर पाटी लागली होती : भाडेकरू पाहिजे, जुनाट दमेकऱ्यास प्राधान्य, जेवणखाण मोफत. राजुऱ्याकडचा एक गरीब माणूस येऊन राहिला, खुर्चीत बसून महिनाभर खोकला. भिंतीनं त्याला ओळख दिली नाही. भिंत गेली ती गेलीच. आता तीन नंबरमधली पोरं पुन्हा फडकी बांधून फिरत होती, आणि तो बिचारा भाडेकरू लाजून निघून गेला होता, जणू खोकण्यात त्याचंच काही कमी पडलं.

“अन् काकांचा श्वास भरून ठेवता नाही येत? बाटलीत, नाही त त्या तुमच्या टाकीत?”

“वीस मिनिटांत मोडून जातो. कारखान्यात बनवावा म्हटलं तर त्यात दोनशे द्रव्यं आहेत आणि आम्हाला नावं माहीत आहेत त्यातल्या चाळीसांची. नवा गिलावा चढवायचा तर त्याची यादी तीन वर्षांची. आणि तोवर स्वच्छ हवेला सरावलेल्या छात्या या राखेत...” तिनं वाक्य सोडून दिलं.

वेणूनं कमरेचा रुमाल काढून तोंड पुसलं. “डॉक्टरीणबाई, काकांना पत्र आलंय.”

“माहितेय.” मृणालनं पेटीचं कुलूप लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. “पिंपळकर सरांचा फोन आला होता मला. विचारत होते की वैद्यकीयदृष्ट्या अडुसष्टाव्या वर्षी हा उपचार झेपतो का.”

“मंग? झेपते?”

“झेपतो.”

“तुमी सांगितलं तसं?”

मृणाल भिंतीकडे वळली. “मी म्हटलं, प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते. मी भिंतीची डॉक्टर आहे हो, वेणूताई. माणसांची नाही.”

शिकलेली माणसंही पिशवी पुढच्या घरी कशी ढकलतात, ते वेणूला त्या दिवशी कळलं. तिला राग यायला हवा होता. पण राग यायलाही अंगात थोडी ताकद लागते, आणि ती सकाळपासून चार मजले चढून उतरली होती.

पाच वाजता बैठक भरली. मृणाल आली आहे हे कळल्यामुळे चौक नेहमीपेक्षा भरलेला होता. बोरकुट्यांच्या सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या, त्यांची सून जिन्याच्या पायरीवर. मत्तेबाई, वासेकर, रामटेक्यांची सून. पिंपळकर सर कडक इस्त्रीचा सदरा घालून. काका खुर्चीत, पाठ भिंतीला लावून. वेणूनं त्यांच्यासमोर स्टूल ठेवलं, त्यावर डबा उघडला. गोळाभात आणि पातोडीची भाजी. पिशवी खुर्चीच्या हाताला अडकवली, पत्रासकट. तेवढं करून तिचा जीव थकला. आपणही विसावं आणि एकविसावं घर यांच्यात काही फरक केला नाही, हे तिला कळत होतं.

“पातोडी,” काका म्हणाले, “वेणूच्या हातची.” मग थांबले, श्वास घेतला. “बोरकुटेबाईच्या रश्श्यानं काल... माह्या तोंडाची आग केली.”

लोक हसले. बोरकुटेसासूबाईही हसल्या, जरा जास्तच.

काकांनी दोन घास खाल्ले. मग हात डब्यात तसाच ठेवून डाव्या हातानं पिशवीच्या कप्प्यातून पत्र काढलं, झटकलं आणि मांडीवर पसरलं. ते काढताना त्यांना शोधावं लागलं नाही.

“हे,” ते म्हणाले, “हे मले पहिल्या दिवशीच दिसलं होतं. मत्तेबाई आल्या न, तवा. मी झोपलो नोहतो, बाई. डोळे मिटून होतो.”

मत्तेबाईंनी पदर तोंडाशी नेला.

“रोज वाचतो. वाचून होते, मंग... परत ठेवतो. पाहून राह्यलो होतो का कोण सांगते.” श्वास. “एकवीस दिवस झाले. आता म्हटलं उद्याचा एकच दिवस आहे, आपणच काढावं.”

शेंगा फोडायचा आवाज थांबला होता.

पिंपळकर सर खाकरले. “काका, गैरसमज नको. सगळ्यांच्या मनात हेच होतं, की तुमच्यावर एकदम दडपण येऊ नये. शेवटी हा निर्णय सर्वस्वी तुमचा आहे. आपण सगळे तुमच्या पाठीशी आहोत.”

“कोणत्या पाठीशी, सर? जाण्याच्या का राहण्याच्या?”

“म्हणजे... दोन्हीच्या.”

“उपचार तसा नवीन आहे न,” वासेकर म्हणाले. “माह्या साळ्याच्या ओळखीतला एक गेला होता. त्याले काही मानवलं नाही म्हणतात.”

“आठ जण बरे होतात दहातून,” काका म्हणाले. “इथं लिव्हलं आहे.”

“दोन नाही होत न पण.”

“अन् तिथं तुमाले जेवण कोण देईल काका?” रामटेक्यांच्या सुनेनं फार मायेनं विचारलं. “रुग्णालयाचं ते पाणचट वरण. इथं चाळीस घरं आहेत तुमची.”

“आहेत,” काका म्हणाले. “मी कुठं नाही म्हणतो? राजावाणी ठेवलं तुमी मले. खाणीत तीस वर्षं झाले, कोणी... पाणी नाही विचारलं.” त्यांनी छातीवर हात ठेवला, हवा ओढली. ती ओढताना घशात जो आवाज झाला तो सगळ्यांनी ऐकला, आणि त्याच क्षणी त्यांच्या मागची भिंत किंचित ऊबदार झाली असणार, हेही सगळ्यांच्या मनात एकदम आलं. कोणीच कोणाकडे पाहिलं नाही. “डॉक्टरीणबाई, तुमी शिकलेल्या. तुमी सांगा. मी गेलो अन् बरा झालो, त हे भिंत राहते का मरते?”

मृणालनं चष्मा काढला. “सव्वा महिना, काका. त्यानंतर नाही.”

“अन् मी गेलोच नाही, त मी?”

“दीड वर्ष. कदाचित जास्त. काळजी चांगली घेतली तर.”

“काळजी त लय घेतात,” काका म्हणाले आणि हसले. मग त्यांनी चौकातल्या एकेका चेहऱ्याकडे सावकाश पाहिलं, सुरुंगाआधी खाणीत कोणी मागे राहिलं नाही ना ते पाहावं तसं. “मले रडगाणं नाही गायचं. कोणी म्हटलं जा, त मी जातो. कोणी म्हटलं नको जाऊ, त त्याचाही मी विचार करीन, खरंच करीन. पण कोणीतरी एक गोष्ट म्हणा न. माणूस म्हणून इचारून राह्यलो. तुमाले काय पाह्यजे?”

“तुम्ही सुखी राहायला पाहिजे, दुसरं काय!” सर म्हणाले.

“तुमची तब्येत,” वासेकर म्हणाले.

“देवाच्या मनात असेल ते,” बोरकुटेसासूबाई म्हणाल्या, आणि एक शेंग हातातच धरून राहिल्या.

वरच्या गॅलरीत सानू उभी होती. शाळेतून आल्यावर दप्तर न काढताच कठड्याला लोंबकळायची तिला सवय होती. तोंड उघडं टाकून, नाकातोंडानं हवा पीत, ती खालची गंमत बघत होती. वेणूनं वर पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. तिच्या तोंडात ‘जा काका’ हे दोन शब्द तयार होते. दुपारपासून तयार होते. पीठ मळताना, भात शिजवताना तिनं ते कितीदा जिभेवर घोळवले होते. ते बोलले असते तर ती या चौकातली सगळ्यात चांगली बाई ठरली असती. आणि ते खोटं असतं.

ती पुढे झाली. काकांच्या मांडीवरचं पत्र तिनं उचललं, पदरानं पुसलं. हळद निघाली नाही. तिनं ते पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांच्या खुर्चीपाशी खाली फरशीवर बसली, गुडघे धरून. तिचा आवाज मोठा नव्हता, पण चौक असा बांधलेला होता की हळू बोललेलं चौथ्या मजल्यावरही ऐकू जावं.

“काका,” ती म्हणाली, “तुमी बरे झालेले आमाले नको आहात. मलेही नको. अन् मेलेलेही नको. असेच पाह्यजे.”